चौकटीत न मावलेली कुसुम

मंडळी, आज सकाळी आमच्या वर्गाचा जुना फोटो शाळेच्या ग्रुपला डीपी म्हणून लावला, तर मोबाईलने दोन्ही कडा छाटून टाकल्या! चौकट भरायची म्हणून माणसं कापायची?

लगेच नदीपलीकडच्या कारध्याहून वर्गमैत्रीण कुसुमचा फोन. “काहून वं, तेव्हा मले कोपऱ्यात उभं केलं, आता तं बाहेरच काढलं!”

फोटोच्या दिवशी ती नदीपलीकडून धावत, उशिरा आली होती. फोटोग्राफर थांबेना. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरनी त्याला दटावलं, आम्हाला म्हणाल्या, “सरका गं, जागा होते.” आम्ही सगळ्या आकसलो.

शेवटी सुनेने फोटो लहान करून अख्खा बसवला. वर-खाली काळे पट्टे आलेत, चेहरे तांदळाच्या दाण्याएवढे झालेत. असू देत. डाव्या टोकाला कुसुम अजून धापा टाकते आहे.

तुमच्या फोटोत कडेला कोण उभं आहे?