शेवटच्या पॅडवरचा आवाज

नऊ डिसेंबर. तुरीच्या शेंगा सोलायला बसले होते. या कामात हात गुंततात आणि डोकं मोकळं राहतं, म्हणून क्लासच्या आधीच्या वेळात मी असली कामं काढते. अंगणात गोणपाट, पुढ्यात परात. लग्नाची दाट तिथ होती. दुपारपासून धामणगावात दोन वराती होऊन गेल्या होत्या. तिसरी आमच्या गल्लीच्या तोंडाशी आली तेव्हा मी मानही वर केली नाही. वरातीचं मला काय कौतुक? वीस वर्षं ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवलाय, निवेदन केलंय. बेंजोवाले आता ठेका तोडणार, दोन मात्रा गप्प बसणार आणि मग एकदम उसळणार, हे मला आधीच कळतं.

ठेका तुटला. त्या गप्प जागेत कर्ण्यातून एका बाईचा आवाज आला, "अहो, ऐकलं का?" मागोमाग ढोल कोसळला आणि पोरं बोंबलत नाचायला लागली.

आवाज माझा होता.

भास झाला असेल असं वाटलं. पण बेंजोवाले एकदा वाजवून थांबत नाहीत. "अहो, अहो, अहो, ऐकलं का?" गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, घराघरांच्या भिंतींवर आपटत. मी उठले, घरात गेले आणि दाराला कडी लावली. परात उचलताना कलंडली, हिरवे सोले अंगणभर झाले. ते गोळा करायला बाहेर गेले नाही. वरात मारुतीपर्यंत पोचून आवाज विरेस्तोवर कडीवर हात ठेवून उभी होते.

यात भिण्यासारखं काय, असं कुणी विचारेल. माझं लग्न झालेलं नाही. का झालं नाही, हे विचारणारे आता थकले. मी घरी मुलींचा पेटीचा आणि कीबोर्डचा क्लास घेते, त्यावर माझं चालतं. आईबाप माझ्याकडे मुली पाठवतात, कारण घरात पुरुष नाही आणि माझ्याबद्दल बोलण्यासारखं काही नाही. आमच्याकडे मी सगळ्यांना भाऊ म्हणते, दूधवाल्यापासून सरपंचापर्यंत. "अहो, ऐकलं का" हे बाई एकाच माणसाला म्हणते. आणि त्या तीन शब्दांतला सूर निवेदनाचा नव्हता, हे बहिऱ्यालासुद्धा कळलं असतं.

ते मी कुणाला म्हटलं होतं, तेही सांगून टाकते. आमच्या ऑर्केस्ट्रात ऑक्टापॅड, म्हणजे आठ पॅडांचं इलेक्ट्रॉनिक तालवाद्य, वाजवणारा एक होता. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. लोकांसमोर मी त्यालाही भाऊच म्हणायची. आमचं ठरलं होतं, सीझन संपला की कोर्टात जाऊन सही करायची. एकदा मंडपात खुर्च्या लागायच्या होत्या, आवाजाची तपासणी चालू होती, समोर कुणी नव्हतं. तो म्हणाला, "माइकवर काही तरी बोल." मी थट्टेनं ते बोलले. त्यानं ते ऑक्टापॅडमध्ये भरून शेवटच्या पॅडवर ठेवलं. कार्यक्रमात कधी वाजवलं नाही. त्या पॅडला काठी लावायचा नाही, फक्त माझ्याकडे बघायचा.

मग त्याच्या भावांनी बीबी गावाकडची एक बाई पाहिली, त्यांच्या समाजातली. हे त्यानं मला कार्यक्रमानंतर वायरी गुंडाळताना सांगितलं. मी उरलेल्या वायरी गुंडाळल्या. तो सासऱ्याच्या दुकानात बसायला बीबीला गेला. ऑक्टापॅड त्यानं देऊळघाटच्या एका बेंजो पार्टीला विकला, एवढं कानावर आलं होतं. पॅड रिकामे केले की नाही, हे विचारायचं माझ्या डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोताळ्याला गाडी बदलून बुलढाण्याला उतरले, तिथून देऊळघाटची काळीपिवळी जीप धरली. बेंजो पार्टीचा मालक तिशीचा, हसऱ्या तोंडाचा. दारात गाडीवरचे कर्णे उतरवून पुसत होता. मी आवाज दाबून म्हटलं, "तुमच्या ऑक्टापॅडच्या शेवटच्या पॅडवर एक आवाज आहे."

"हाव न दीदी! ते तं सुपरहिट आहे. तो पॅड मारला का वरात पागल होते. एका नवरदेवानं तं घोड्यावरून उतरून नोट देल्ली मले." तो हसत होता. "आमच्यात पैज लागली, का ही बाई कोन अशीन. मी म्हनतो हिरोईन आहे जुनी, माहा भाऊ म्हनते का..."

तो थांबला. त्यानं माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं. हातातलं फडकं तसंच राहिलं.

"कसम से दीदी," तो हळू म्हणाला, "मले माहीत नव्हतं."

त्यानं माझ्यासमोर ऑक्टापॅड जोडला आणि तो आवाज काढून टाकला. त्याच्या आईनं आतून चहा पाठवला. माझा जीव भांड्यात पडतोय तोवर तो कान खाजवत म्हणाला, "पन एक गोष्ट आहे. दुसऱ्या पार्टीवाल्यायनं मांगितलं होतं. चिखलीचा एक, मेहकरचा एक. पेनड्राइव्हवर घेऊन गेले. त्याहीच्यापासून कोनाकोनाकडं गेलं, अल्ला जाने."

मी चहाचा कप खाली ठेवला. माझा आवाज जिल्ह्यातल्या सगळ्या रस्त्यांवर फिरत होता आणि तो परत बोलावण्याचा काही मार्ग नव्हता. निघताना त्यानं मला एक पेनड्राइव्ह दिला. ऑक्टापॅड घेतला तेव्हा आत जे जे होतं त्या सगळ्याची नक्कल होती. "तुमची चीज आहे, तुमच्यापाशी राहू द्या. मी कोनाले सांगत नाही." त्याच्या डोळ्यात खोट नव्हती. तरी काल कुणाला माहीत नव्हतं आणि आज एकाला माहीत होतं.

स्टँडवरून मी बीबीला, त्याला फोन लावला. दोन वर्षांत पहिल्यांदा.

"पॅड रिकामे काऊन नाही केले?"

मागून दुकानाचा आवाज येत होता. मग तो म्हणाला, "मिटवून नाही झालं माह्याच्यानं."

"मिटवून नाही झालं, अन् विकून झालं?"

"मंग लावतो मी," तो घाईनं म्हणाला. "घरचे आहेत इथं." फोन कटला. त्यानं पुन्हा लावला नाही. त्या घाईवरून मला कळलं, की तो माझ्यापेक्षा जास्त भ्यालेला आहे. त्यानं मला धीर यायला हवा होता. तो आला नाही.

दोन दिवसांनी क्लास सुटताना एका मुलीची आई दारात उभी होती. ती आठवडी बाजारात भाजी विकते. आवाज मोठा, पोटात काही राहत नाही. बाजूला आणखी दोघी आया चपला शोधत होत्या.

"मॅडम, त्या दिवशीच्या वरातीत तुमीच होत्या न? मी आमच्या यायले म्हटलं, हे तं आपल्या मॅडम बोलून राह्यल्या. तं हे म्हंतात, येडी झाली काय बे, मॅडम कोनाले अहो म्हंतीन?" आणि ती खदखदून हसली.

चपला शोधणाऱ्या दोघी थांबल्या.

नाही म्हणण्यात अर्थ नव्हता. माझ्या निवेदनाचा आवाज पाच तालुक्यांत ओळखीचा आहे. मी म्हटलं, "मीच. नवं गाणं करतेय. कॉम्प्युटरवरचं, इलेक्ट्रॉनिक. त्यातला तुकडा या बेंजोवाल्यांनी आधीच पळवला."

"म्हंजे नाटकातल्यावानी?"

"तसंच समजा."

"मंग कवा येते गाणं?"

"संक्रांतीला."

दोघींना चपला सापडल्या. मी दार लावलं. असं एकही गाणं मी केलेलं नव्हतं. शाळेच्या गॅदरिंगसाठी लॅपटॉपवर साथीचे ट्रॅक करून देते, तेवढंच. पण जे बोलले त्यात एक वाट दिसत होती. तो आवाज माझ्या गाण्यातून, माझ्या नावानं बाहेर आला, की तो कलाकाराचा अभिनय. कुणालाही संशय आला तरी मला गाण्याकडे बोट दाखवता येईल. संक्रांतीला गाणं आलं नाही, तर मात्र त्या दोघी चपला घालून जो विचार करत गेल्या, तो पक्का होईल.

कामाला लागले. दुपारी गल्ली झोपलेली असते, तेव्हा दार लावून बसायची. लाइट गेली की बॅटरी पुरेल तितकं. पेनड्राइव्हमध्ये ऑक्टापॅड विकण्याआधीचा त्याचा सगळा संच होता, त्यानं एकेक करून लावलेली ढोलकी, डफ, खंजिरी, टाळी. चांगले ठोके होते. दुसरीकडून आणून तसे मिळाले नसते, म्हणून तेच घेतले. खाली एक जाड, हळू चालणारा बास ठेवला. त्या महिन्यात माझ्या छातीत जे वाजत होतं, त्याच्याच लयीत तो बसला. मी मुद्दाम तसं केलं नव्हतं. पण बदललंही नाही.

मग आवाजाचा तुकडा कानाला हेडफोन लावून ऐकला. रस्त्यावर, कर्ण्यातून, ढोलाच्या आत जे ऐकू येत नव्हतं ते तिथं होतं. "ऐकलं का"च्या पाठीला लागून त्याचं हसू. अगदी थोडं, नाकातून आलेलं, दाबलेलं. ते माझ्या ओळखीचं होतं. बीबीतल्या त्या घरातही आता ते ओळखीचं झालेलं असणार.

बेंजोवाल्यांच्या पेनड्राइव्हमध्येही ते हसू होतंच. कुणी शांत खोलीत ऐकलं तर? त्याच्या बायकोनं मोबाइलवर ऐकलं तर? माझा क्लास बुडेल, तिचा संसार बुडेल, आणि तिनं तर काहीच केलेलं नव्हतं. मी कर्सर नेऊन ते हसू कापलं. मूळ फाइलही पुसली. नुसता माझा आवाज उरला, स्वच्छ, नाटकातल्यासारखा.

पण कापलं तिथं भोक पडलं. तिथं सिंथ घातला, बासरी घालून पाहिली, टाळ्या घातल्या. प्रत्येक वेळी उत्तर खोटं वाटायचं आणि खोटं लगेच ऐकू येतं. शेवटी सगळं काढलं. मी विचारते, मग चार आवर्तनं नुसता बास चालतो, मग मी पुन्हा विचारते. संगीत म्हणून तेच बरोबर होतं. नाव ठेवलं 'ऐकलं का', खाली माझं नाव. गाणी इंटरनेटवर चढवून देणाऱ्या एका कंपनीचे पैसे भरले आणि बटण दाबलं. दाबल्यावर तोंड धुवून आले.

संक्रांतीला संध्याकाळी भाजीवाली तिळगूळ घेऊन आली. "आलं न गाणं? पोरीनं लावून देल्लं मले, पन बाजारात काही आयकू येत नाही." तिनं उंबऱ्यावर बसून फोन गुडघ्यावर ठेवला आणि माझ्यासमोर गाणं लावलं.

मी उभीच होते. तिच्या तोंडाकडे पाहत होते. सुरुवातीला ती मान हलवत होती. माझा आवाज आला तेव्हा हसली, माझ्याकडे बघून डोळा मारला. मग बास चालू राहिला. तिनं वाट पाहिली. पुन्हा माझा आवाज आला, पुन्हा नुसता बास. तिची मान थांबली. हसूही कुठं गेलं कळलं नाही. गाणं संपेपर्यंत ती फोनच्या काळ्या काचेकडे पाहत होती.

"याच्यावर नाचता नाही येत," ती म्हणाली.

"नाही येत."

"तो काही बोलतच नाही."

"कोण?"

"ज्याले तुमी आवाज देता तो."

तिनं पदर सारखा केला, तिळगुळाची वाटी माझ्या हातात दिली, गोड बोला म्हणाली आणि गेली. जिच्या पोटात काही राहत नाही अशी बाई एवढ्या हळू बोलून गेली, याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटली. हसू कापून मी माझ्यापुरता पुरावा मिटवला असं समजत होते. तिला तर कापलेली जागाच दिसली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा न पिता मी तिच्या घरी गेले. क्लास संध्याकाळी असतो. मुलगी येते की नाही हे बघत दिवसभर दाराशी बसणं मला झेपलं नसतं. ती ओट्यावर मेथीच्या जुड्या बांधत होती. नवरा शेतात गेला होता. मी समोर बसले, ढिगातली मेथी ओढली आणि बांधायला घेतली.

"पोरगी येईल ना आज?"

"येईन न. काऊन नाही येनार?" तिनं मान वर केली नाही. एक जुडी झाली, दुसरी झाली. "मॅडम, नाटक नव्हतं न ते?"

हो म्हणायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यासाठीच तर महिनाभर बसून गाणं केलं होतं.

"नव्हतं," मी म्हटलं.

तिनं माझ्या हातातली जुडी घेतली, वर धरून पाहिली आणि सुतळीसकट परत माझ्याकडे टाकली. "ढिली झाली ही. बाजारात जाईस्तोवर सुटून जाईन."

मी ती सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली.