मागच्या सीटचा पट्टा

"मावशी, बाबा गेला... झोपेत. व्हेरी पीसफुली." कॉव्हेंट्रीहून माझ्या भाच्याचा, निखिलचा फोन आला तेव्हा मी स्टॅनमोरच्या स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी राहिले. डॉक्टर वसंतराव, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, शांतपणे गेले यावर माझा विश्वासच बसेना. तो माणूस जन्मभर भांडत आला होता.

हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत त्यांनी उमेदीची वर्षं अपघातातल्या माणसांच्या अंगातल्या काचा वेचण्यात घालवली. विंडस्क्रीन फोडून बाहेर फेकली गेलेली माणसं, नाक उरलेलं नाही असे चेहरे, स्टिअरिंगने चेचलेल्या छात्या. गाडीत पट्टा असायचा, बांधायची सक्ती नव्हती. सक्तीचं विधेयक पार्लमेंटमध्ये यायचं आणि पडायचं. कुणीतरी उठून विचारायचंच, नागरिकाच्या स्वातंत्र्याचं काय? भाऊजींचं डोकं फिरायचं. ते त्यांच्या खासदाराला भेटायला जात आणि त्या चेहऱ्यांचे रंगीत फोटो टेबलावर मांडत. महाराष्ट्र मंडळाच्या जेवणातही तेच. श्रीखंड पुढ्यात असताना कवटी कशी फुटते ते ऐकून बायका पानावरून उठायच्या. अखेर कायदा झाला, पण फक्त पुढच्या सीटचा. मागच्यांचा जीव काय भाजीपाला होता? मग लहान मुलं, त्यानंतर केव्हातरी मोठी माणसं, असं सरकार हप्त्याहप्त्याने शहाणं होत गेलं.

त्या मधल्या वर्षांत माझी बहीण मालती गेली. गणपतीची मूर्ती न्यायला दोघं माझ्याकडे आले होते. मूर्ती मांडीवरच न्यायची, ही आपली रीत. मालती मागे बसली, बाप्पा मांडीवर. मागेही पट्टा होता, आणि भाऊजींनी तो लावायला सांगितलं. ती म्हणाली, "अहो, मूर्तीचा रंग खरवडेल. आणि मागे कुठे कम्पल्सरी आहे?" त्यांनी स्वतःचा पट्टा लावला आणि गाडी सुरू केली. मोटरवेवर लॉरी आडवी आली. मालती मागून उडून त्यांच्या सीटवर आदळली. मान मोडली, कपाळ फुटलं. तिचं रक्त त्यांच्या कॉलरमधून पाठीवर ओघळत होतं आणि ते स्वतःच्या पट्ट्यात अडकलेले... मागे वळून पाहताही येईना. तिच्या केसांत मूर्तीचे तुकडे रुतले होते. ते मी नंतर हॉस्पिटलमध्ये वेचले.

आता भाऊजी संपले, असं मला वाटलं होतं. पण अपघातात मोडलेला खांदा जुळून यायच्या आत ते पुन्हा त्याच खासदारासमोर जाऊन बसले. या वेळी फोटो नव्हते. "माझी बायको कायदा पाळून मेली," एवढंच म्हणाले, आणि तो गृहस्थ तोंड उघडेपर्यंत खुर्चीवरून हलले नाहीत. मागच्या सीटची सक्ती झाली त्या दिवशी त्यांचा मला फोन आला. आनंदाने केला असेल असं वाटलं. ते नुसते ओरडत होते. शब्द नाहीत, शिव्या नाहीत, नुसता आवाज. मग मीही ओरडले. माझ्या बहिणीला इतक्या उशिरा न्याय देणाऱ्यांचा मला अजून राग येतो.

गेल्या आठवड्यात निखिल आणि मी त्यांची खोली आवरत होतो. दारामागच्या खुंटीवर बक्कलसकट एक काळा पट्टा लटकत होता. चेपलेल्या गाडीतून भाऊजींनी तो स्वतःच्या हाताने कापून आणला होता, मालतीच्या जागेवरचा. "हा ठेवायचा का, मावशी?" निखिलने विचारलं. मी पट्टा उलटून पालटून पाहिला. कुठे डाग नव्हता, ताण पडल्याची खूण नव्हती. अगदी कोरा होता.