कोटेशनवर आपोआप आलेलं धुळे

तेव्हा घरात आम्ही चौघं होतो. मी सिंधूबाई, माझा मुलगा सुनील, सून वैशाली, आणि आमचं जीएसटीचं काम बघणारे किरणभाऊ. वेबसाईट बनवून देणाऱ्या मॅडम जळगावहून फोनवर होत्या, म्हणजे त्याही होत्याच म्हणा. नावं आधीच सांगते, कारण पुढचं वाचून कुणी म्हणेल म्हातारीला भास झाला. भास एकीला होतो. एवढ्या माणसांना एकाच कागदावर एकच भास होत नाही.

मी अशा गोष्टी मानणारी बाई नाही. आमच्या गल्लीत एकीच्या अंगात यायचं, बाया पाया पडायच्या, मी दारातूनच परत यायची. नवरा गेला तेव्हा सुनील रांगत होता. त्यानंतर जे काही केलं ते हातानं केलं, कुणी वरून येऊन करून दिलं नाही. शाळा माझी तिसरीपर्यंत. हे मी बोलते आहे अहिराणीत, वैशाली तिच्या भाषेत टाईप करते आहे. काही बदललं तर तिचं पाप तिला.

आम्ही एरंडोलला राहतो. घराच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गाद्या-उशा भरायचा धंदा. रुई पिंजायची मशीन माझ्या मोठ्या भावानं आणून दिली होती, सेंधव्याहून, ट्रकमध्ये घालून. सेंधवा म्हणजे शिरपूरच्या पुढं, बिजासनचा घाट चढला की मध्य प्रदेशात लागतं. तिथं माझं माहेर. नवऱ्याच्या तेराव्याला भावानं विचारलं होतं, "तिकडं चालतेस का इथं राहतेस?" मी म्हटलं, इथं. पुढच्या महिन्यात मशीन आली. शिवायला त्यानंच शिकवलं... टाक्याची गाठ नेहमी खालच्या अंगाला घ्यायची, झोपणाऱ्याच्या पाठीला टोचायला नको.

हा भाऊ सुनीलच्या लग्नापासून माझ्याशी बोलत नव्हता. झालं असं — सुनीलला बाप नाही, म्हणजे मांडवात मागं मामाच उभा राहणार. घाटात गाड्या अडकल्या. मुहूर्त निघून चालला, गुरुजी घाई करायला लागले, दिरांनी त्यांच्या चुलतभावाला उभं केलं. शेवटच्या मंगलाष्टकाला माझा भाऊ मांडवाच्या दारात आला. बघितलं. हातातला आहेर खुर्चीवर ठेवला आणि फिरला. मी अक्षता हातात घेऊन स्टँडपर्यंत मागं गेले. "भाऊ, पानी तरी पी." नाही प्यायला. बसमध्ये चढून गेला. सुनीलची पोरगी आता सहावीत आहे, एवढे दिवस झाले त्याला. मी दोनदा निरोप धाडले, उत्तर आलं नाही. मग मीही सोडून दिलं.

आता ते कोटेशनचं.

वैशालीनं लॉजवाले, वसतिगृहवाले, दवाखानेवाले यांच्यासाठी वेबसाईट काढली आहे. ते तिथं माल निवडतात, मग त्यांना आधी कोटेशन जातं, ते त्यांनी मंजूर केलं की ऑर्डर. टॅक्स ती वेबसाईट स्वतःच लावते. मला वैशालीनं समजावलं ते एवढंच की माल आपल्या राज्यात जाणार असला तर टॅक्स दोन ओळीत अर्धा-अर्धा दिसतो, राज्याबाहेर जाणार असला तर एकाच ओळीत सगळा. बाकी मला कळत नाही, कळून घ्यायचंही नाही.

मंगळवारी सेंधव्याच्या एका लॉजनं गाद्या-उशा मागवल्या. वैशालीला हर्ष झाला, घाटापलीकडचं पहिलंच गिऱ्हाईक. मोठ्यानं वाचून दाखवलं. नाव दिनेश पाटील. दिनेश नावाचे पाटील आमच्या भागात दगड मारला तर लागतील, त्यामुळं सुनीलनं मान पण वर केली नाही. मग वैशाली म्हणाली, "आई, खाली एक सूचना लिहिली आहे बघा. टाक्याची गाठ खालच्या बाजूला पाहिजे म्हणे. असं कोण लिहितं?"

मी उशीत रुई भरत होते. भरत राहिले. 

कोटेशन गेलं आणि तासाभरात परत आलं. लॉजच्या हिशेबनिसानं लिहिलं होतं की आम्ही मध्य प्रदेशातले, तुम्ही टॅक्स महाराष्ट्रातला लावला आहे, असं कोटेशन आम्हाला चालणार नाही. वैशालीनं उघडून पाहिलं तर खरंच, अर्धा-अर्धा. आणि त्याच्या वर, माल पोहोचवायच्या ठिकाणासमोर लिहिलेलं — धुळे.

तिनं धुळे घातलंच नव्हतं. गिऱ्हाइकाचा पत्ता सेंधवा, जीएसटी नंबर मध्य प्रदेशचा, पिनकोड सेंधव्याचा. धुळ्यात आमचं तेव्हा एकही गिऱ्हाईक नव्हतं, की चुकून त्याचं नाव इकडं यावं. तिनं खोडून सेंधवा केलं, सेव्ह केलं. पुन्हा धुळे. ते कोटेशनच काढून टाकलं, नवीन केलं. धुळे. सुनीलच्या मोबाईलवरून केलं. धुळे. मग तिनं खोटंच एक गिऱ्हाईक बनवलं, तेही सेंधव्याचं, तर त्याला बरोबर सेंधवा आलं आणि टॅक्स एकाच ओळीत. म्हणजे दुसऱ्या कुणाचंही बरोबर, फक्त ह्या दिनेशचं नाही.

बुधवार त्यातच गेला. गुरुवारी सकाळी किरणभाऊ आले. चहा पिता पिता वैशालीला चिडवायला लागले, "ताई, माहेर तुमचं धुळ्याचं. हात आपोआप तिकडं जातो आहे. राखीला जाऊन या, कोटेशन सुधरेल."

"भाऊ, तुम्ही स्वतः टाईप करा ना मग," वैशाली म्हणाली. "तुम्ही तर चोपड्याचे."

किरणभाऊंनी स्वतः टाईप केलं. सेव्ह केलं. धुळे आलं. त्यांनी कप खाली ठेवला.

फोनवर मॅडम एकेक सांगत होत्या, हे बंद करा, ते साफ करा, गिऱ्हाईक पुसून परत भरा. सगळं केलं. त्या म्हणाल्या, कधी कधी इंटरनेट आपण बसलोय ते गाव उचलतं. किरणभाऊ म्हणाले, "मॅडम, मग एरंडोल यायला पाहिजे. जळगाव यायला पाहिजे. आम्ही धुळ्यात बसलेलो नाही." मॅडम म्हणाल्या, बघते आणि कळवते.

किरणभाऊंनी कागद पुन्हा वरून खाली वाचला. "एक सांगू का," ते म्हणाले, "टॅक्सचं गणित चुकलेलंच नाही. माल धुळ्याला जातो आहे असं धरलं तर टॅक्स असाच लागतो. गणित बरोबर आहे, धुळे चूक आहे." मग म्हणाले, जाऊ द्या, हातानं दुरुस्त करून पाठवा, गिऱ्हाईक निघून जाईल.

वैशाली हातानं करायला बसली तेव्हा मी शेडमधून आत आले. म्हटलं, "आधी फोन लाव. माल धुळे जावाना शे का, इतलं फक्त विचार."

"आई, ते चिडलेले आहेत आधीच."

"लाव."

तिनं मागणीवर दिलेल्या मोबाईल नंबरला स्पीकर चालू करून फोन लावला. हिशेबनीस नव्हता, दुसऱ्याच माणसानं उचलला. वैशालीनं विचारलं, "सर, एक विचारायचं होतं, माल धुळ्याला पोहोचवायचा आहे का?"

तो माणूस म्हणाला, "धुळ्याचं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"आमच्या इथं कोटेशनवर तसं येतं आहे."

"मी आत्ता धुळ्यातच उभा आहे," तो म्हणाला. "बाबांना पहाटे इथं दवाखान्यात आणलं. काल संध्याकाळपर्यंत ते लॉजवर बसलेले होते, काही झालेलं नव्हतं. कुणी सांगितलं तुम्हाला?"

मी फोनजवळ गेले. म्हटलं, "दिनेश, मी एरंडोलनी आत्या बोली ऱ्हायनी."

किरणभाऊ उठून दारात जाऊन उभे राहिले. सुनीलचा चेहरा उतरला. तो म्हणाला, "आई, त्यासनी आपलं पानी बी पिधं नही. तू कशाले जास?" मी खुंटीवरची पिशवी घेतली. वैशालीनं लॅपटॉप मिटला आणि चपला घातल्या. तिला कुणी चल म्हटलं नव्हतं.

पारोळ्यावरून बसनं गेलो. दिनेश खाली गेटवरच उभा होता. मी त्याला शेवटचं बघितलं तेव्हा केस काळेभोर होते, आता कानावर पांढरे. पाया पडला. म्हणाला, "बाबाच म्हणाले, लॉजला गाद्या एरंडोलच्याच घे. तुमचं नाव नाही घेतलं, वेबसाईटचं नाव कागदावर लिहून दिलं. गाठीचं पण त्यांनीच लिहायला लावलं." वैशालीनं त्याला मंगळवारचं कोटेशन दाखवलं. त्यानं स्वतःच्या मोबाईलवर त्यानं भरलेली मागणी काढली. तिथं सेंधवा होतं. दोघं दोन्हीकडं बघत राहिले.

आत एकालाच सोडत होते. भाऊ पार वाळला होता, नाकाला नळी. माझ्यापेक्षा उंच माणूस, खाटेवर एवढासा दिसत होता. मी स्टूल ओढून बसले. बऱ्याच वेळानं त्यानं डोळे उघडले, आलीस का म्हणून विचारलं.

"उनी का?"

"उनी."

"मशीन चालस का?"

"चालस."

पुन्हा डोळे मिटले. मला वाटलं झोपला. मग मिटल्या डोळ्यांनीच म्हणाला, "सिंधू, पानी दे."

नर्सला विचारलं. ती म्हणाली चमच्यानं द्या, थोडं थोडं. मी चमच्यानं दिलं. अर्धं ओठातून खाली यायचं, मी पदरानं पुसायची, पुन्हा द्यायची. पेला संपेपर्यंत बसले. त्यानं पुरा पेला घेतला.

मी तिथंच राहिले. दुसऱ्या दिवशी सुनील आला, मामाच्या पायाशी उभा राहिला. भावानं त्याच्याकडं पाहिलं, बोलणं तेव्हा बंद झालं होतं. पुढं डॉक्टर म्हणाले आता घरी न्या. घाट चढून सेंधव्याला नेलं, त्याच्या अंगणातच त्याचा प्राण गेला. मी जवळ होते.

वैशाली एरंडोलला परतली होती. ज्या दुपारी आम्ही त्याला धुळ्याहून हलवलं, त्या संध्याकाळी तिनं दिनेशचं कोटेशन पुसून टाकावं म्हणून उघडलं. कुणी हात लावलेला नव्हता. ठिकाण सेंधवा, टॅक्स एकाच ओळीत. तिनं मला फोनवर सांगितलं, तेव्हा मी भावाच्या उशाशी बसलेली होते. मी बरं म्हटलं.

मॅडमनी नंतर पुष्कळ शोधलं. त्या म्हणाल्या, धुळे कुणी टाईप केल्याची आत कुठं नोंदच नाही, आणि नोंद नसताना ते यायला नको होतं. किरणभाऊ म्हणतात प्रोग्रॅमची चूक असणार. असेल. पण मंगळवारी माणूस लॉजवर बसलेला, आणि मंगळवारीच कागदावर धुळे... हे कोण कसं सांगणार? मी पुष्कळ विचार केला. मला अजून कळलेलं नाही, आणि देवाचं आहे असं मी आजही म्हणत नाही.

वाचणाऱ्यांत दुकानदार असतील, हिशेब बघणारे असतील. त्यांना एक सांगणं आहे. कुणाच्या कागदावर तुम्ही न लिहिलेलं गाव आलं, तर खोडायच्या आधी त्या गिऱ्हाइकाला फोन लावा. टॅक्सचं मागाहून विचारा. आधी विचारा, घरी सगळे बरे आहेत ना.