कंटोलीचे कंद

हे मी घरात कुणाकडे बोललेले नाही. नवऱ्याकडेही नाही. तुमच्याकडे बोलते आहे, कारण तुम्ही माझे कुणी लागत नाही — आणि लागणाऱ्यांशी मी कशी वागते, ते आता कळेलच.

पनवेलला आमच्या सोसायटीमागे एक मोकळा तुकडा आहे. तीन वर्षांपूर्वी तिथे भाजीपाला लावायचं ठरलं. जमलेल्यांपैकी कुणी कधी साधी मेथी पेरली नव्हती. मला बागेतलं कळतं, म्हणून शिकवायचं काम माझ्याकडे आलं. मला का कळतं, हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर खोटंच सांगितलं असतं. नवरा सोडून सगळ्यांना मी माझं माहेर पुण्याचं म्हणून सांगत आले — खरं माहेर सोसायटीच्या भिंतीपलीकडच्या गावात, चालत दहा मिनिटं. सणासुदीला मागच्या वाटेनं गुपचूप जाऊन यायचे. शाळेत माझ्या गावाकडच्या ‘हाय-नाय’ला हसायचे, हे खरं. पण चाळिशी उलटली माझी. शाळेवर किती दिवस ढकलणार?

मे महिना होता. रान कमरेएवढं — घाणेरी, गाजरगवत, खाली हराळी. मी ऐटीत सांगत होते: आधी वरचं कापा, पाणी मारून माती मऊ करा, मग खणा. लव्हाळ्याची एक गाठ राहिली तरी पुन्हा सगळं उगवतं, तेव्हा गाठ दिसली की काढा. सगळे मन लावून खणत होते.

कुंपणाच्या कडेला एका बाईंनी कंद वर काढला. रताळ्याएवढा. मग दुसरा, तिसरा. सगळे एका ओळीत — तण कधी ओळीत उगवतं का? हे काय आहे, त्यांनी मला विचारलं.

मला माहीत होतं. कंटोलीचे कंद — कर्टोली म्हणतात ना, त्या पावसाळी रानभाजीचे. उन्हाळ्यात वेल वाळून जाते, कंद मातीत राहतो आणि पावसात फुटतो. माझ्या काकीनं ते आपटा गावच्या डोंगरातून आणून लावले होते, तो तुकडा आमचं शेत होता तेव्हा. जमीन गेली, भिंत उठली, तरी वॉचमन तिला पावसाळ्यात आत सोडायचा. आई गेल्यावर ह्याच काकीनं मला वाढवलं. नराची वेल कोणती, मादीची कोणती, ते त्याच कुंपणाशी बसवून शिकवलं.

मी म्हणाले, तणच आहे, फेकून द्या.

का? ओळखलं म्हटलं तर कुठून ओळखलं, ते सांगावं लागलं असतं. एवढंच.

ढीग झाला. निम्मे कंद कुदळीनं चिरलेले. आणि तेवढ्यात — कुणी सांगितलं असेल तिला? — काकी कुंपणाशी येऊन उभी राहिली. तिनं ढीग पाहिला. इतक्या माणसांत फक्त माझ्याकडे बघून म्हणाली, “पोरी, तुला तं ठावं हाय ना गो, यो कंद कसला तो?”

सगळे माझ्याकडे वळले. मी हसले. भाजीवालीला, भांडीवालीला मारतो तशी हाक मारली — “मावशी, कोण हवंय तुम्हाला?”

मावशी. माझ्या काकीला.

ती चिडली असती, चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं पदर सारखा केला. “कोन नाय. चुकलं माजं, म्याडम.” आणि गेली.

कोण होती, असं कुणीतरी विचारलं. जळण मागायला आली असेल, मी म्हटलं. मग वाफे कसे आखायचे, ते दाखवायला लागले.

त्यानंतर मी गावात गेले नाही. गेल्या महिन्यात एसटी स्टँडसमोर काकी अचानक समोर आली. थकलीय. माझं नाव तिच्या ओठांवर आलेलं मला दिसलं. मग तिनं माझ्याबरोबरची सोसायटीतली बाई पाहिली, तोंड मिटलं आणि अनोळखी माणसासारखी बाजूनं निघून गेली. माझं खोटं आता तीही सांभाळते.

आणि मला — हेच सांगायचं होतं — हायसं वाटलं.