मागचा चेनमन

तीन बदाम उरले होते, बॅटरी अकरावर आली होती आणि आत डॉक्टर भाऊजींविषयी अजून काहीच सांगत नव्हते. मी आदिलाबादच्या दवाखान्यात बाकावर बसले होते. मांडीवर टॅब, शेजारी वही. टॅबमधल्या खेळातला भाऊजींचा माणूस जमिनीच्या पोटात अंधारात उभा होता आणि कुठूनतरी एक हाडांचा सापळा त्याला बाण मारत होता. बाण लागला की पत्त्यांतल्यासारखा एक लाल बदाम जायचा. सगळे बदाम गेले की माणूस मेला. या खेळात तो पुन्हा उठवताही येतो, पण भाऊजींनी स्वतःहून एकच जीव ठेवला होता. दोन वर्षांचे सगळे बांधकाम त्या एका जिवावर उभे होते.

वहीत परतीचा रस्ता होता, माझ्या अक्षरात. शेवटची ओळ 'सरळ नऊ, डावी'. त्यानंतर भाऊजी आणखी तीन टप्पे आत गेले होते. ते मी लिहिले नव्हते. "लिहलं का, वैनी?" असे त्यांनी पहिल्या दोन टप्प्यांनंतर विचारले आणि दोन्ही वेळा मी हो म्हटले.

किसन भाऊजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे धाकटे भाऊ. मोजणी खात्यात चेनमन होते. जमीन मोजायची लोखंडी साखळी दोघे ओढतात. पुढचा माणूस साखळी संपते तिथे जमिनीत सुई रोवतो. मागचा तिथवर येतो, सुई उपटतो आणि आकडा मोठ्याने सांगतो. हातात जितक्या सुया तितक्या साखळ्या झाल्या. सर्वेअर तो आकडा लिहितो. भाऊजी सगळी नोकरी मागचे चेनमन होते. त्यांना लिहायला कधी कोणी सांगितले नाही. बायको लवकर गेली, मूल नव्हते. माझा नवरा गेल्यावर घरात आम्ही दोघेच राहिलो. माझी मुलगी सुनंदा हैदराबादला नोकरीला. तिने जुना टॅब पाठवला, त्यात हा खेळ होता.

पहिल्या दिवशी भाऊजींनी तासभर नुसते पाहिले. तिथली माती, दगड, झाडे, पाणी, सगळे सारख्या चौकोनांचे. मग म्हणाले, "वैनी, ही जमीन कोणीतरी आधीच मोजून ठिवली." त्या दिवसापासून ते त्यातच. मी म्हटले, म्हातारपणी पोरखेळ काऊन करून राह्यले? ते म्हणाले, "पोरं खेळतात. मी मोजून राह्यलो."

त्यांनी आधी चार कोपऱ्यांना हद्दीचे दगड उभे केले, मग आत कचेरी बांधली. कचेरीत एकच खुर्ची. मी विचारले, ही सर्वेअरची का? म्हणाले, चेनमनची. सर्वेअर कुठे बसेल? "राहील की उभा. त्याले सवय कधी लागाची?" एवढे बोलून ते हसलेही नाहीत.

भुयारात उतरले की त्यांची पद्धत ठरलेली. दहा पावलांवर भिंतीला मशाल लावायची, मग मागे वळून आधीची काढून घ्यायची. मला ते पटत नसे. मागे उजेड ठेवला तर परत येता येईल, एवढे चौथी शिकलेल्या मलाही कळते. पण ते ऐकत नसत. म्हणत, "लोकाच्या रानात आपली सुई ठिवून येत नाही, वैनी." मशालीऐवजी त्यांचा भरवसा आकड्यावर. ते आकडा बोलायचे आणि मी लिहायचे. सरळ सात, उजवी. खाली चार. मी डाळ निवडत असो की लसूण सोलत असो, वही जवळ ठेवावीच लागे.

लिहिण्याचे त्यांना इतके का होते, ते मला माहीत होते. नेरडीगोंड्याकडच्या एका गावात दोन भावांची वाटणी मोजताना भाऊजी बावीस बोलले आणि सर्वेअरने एकवीस लिहिले. भाऊजींनी तिथल्या तिथे सांगितले. सर्वेअर म्हणाला, तुझे काम ओढायचे, तू ओढ. एका साखळीची पट्टी या भावाची त्या भावाकडे गेली. दोघे शेवटपर्यंत एकमेकांच्या दारात गेले नाहीत. भाऊजी वर्षातून एकदा तरी ते काढत. "मी बराबर बोललो होतो. लिहिणाऱ्यानं घात केला." हे मी पंचवीस वेळा ऐकले असेल. तरी त्या सकाळी मी लिहिले नाही. पेन खाली पडले होते आणि वाकायचा कंटाळा आला होता. दुसरे कारण नाही.

त्या सकाळी ते ओसरीवर बसून आकडे बोलत होते. मी तुरीतले खडे काढत होते. तिसऱ्या टप्प्यावर ते म्हणाले, चार, पाच. मग पुन्हा पाच. मग पुन्हा पाच. हा माणूस आकडा कधी दोनदा बोलत नसे. मी वर पाहिले तर तोंड एका बाजूला गेले होते आणि उजवा हात मांडीवरून खाली लोंबत होता. डाव्या हाताने त्यांनी टॅब माझ्याकडे ढकलला. बोलायचा प्रयत्न केला. निघाले काहीच नाही.

शेजाऱ्याने गाडी बोलावली. आधार कार्ड, औषधांची चिठ्ठी, टॅब, वही, हाताला लागले ते मी पिशवीत कोंबले. कापूस बाजारासमोर ट्रॅक्टरांची रांग होती, तिथे आमची गाडी अडकली. ड्रायव्हर भोंगा वाजवत होता आणि ट्रॅक्टरवाले सरकायला जागा नाही म्हणून हात हलवत होते. भाऊजींचा डावा हात माझ्या पिशवीवर होता.

त्यांना आत नेले. दार लागले. बराच वेळ मी भिंत पाहिली, मग टॅब काढला. माणूस आहे की गेला एवढेच पाहायचे होते. बोट लावले, खेळ उघडला आणि पहिला बाण आला. बंद केले तर तो तिथेच उभा राहील आणि सापळा मारत राहील, असे मला वाटले. तसे होत नाही, हे सुनंदाने नंतर सांगितले. तेव्हा सांगायला कोणी नव्हते.

चालणे, खोदणे, चौकोन ठेवणे मला येत होते, कारण भाऊजी आंघोळीला गेले की खेळातला गहू मीच काढायची. मी समोर दोन दगड ठेवून वाट बुजवली. बाण थांबले. नर्स आली आणि तेलुगूत म्हणाली, "अम्मा, फोन पक्कन पेट्टंडी." बाजूला ठेवा, हे मला कळले. मी ठेवला नाही. शेजारी बसलेल्या माणसाने विचारले, "अम्मा, मरीज अंदर है और आप गेम खेल रहे?" मी म्हटले, हां, खेल रही. तो उठून दुसऱ्या बाकावर गेला.

मागची वाट माहीत नव्हती. जे लिहिले नाही ते वाचता येत नाही. तेव्हा वर जायचे ठरवले. माझ्या बापाने मुधोळकडे शेतात विहीर खणली, तेव्हा मी पायऱ्यांवरून मातीच्या पाट्या वाहिल्या आहेत. तशाच पायऱ्या उलट खणायला घेतल्या. एक चौकोन पुढचा, एक त्याच्या वरचा, मग पाऊल. खेळातल्या माणसाच्या थैलीत एक भाजका बटाटा होता, तो त्याला खाऊ घातला. चौथा बदाम भरला.

बॅटरी आठवर आली. छतातून एक लाल थेंब पडला. वर वितळलेला दगड असला की असा थेंब पडतो आणि तो अंगावर आला की काही उरत नाही, हे भाऊजी सांगत. आणखी एक चौकोन फोडला असता तर माणूस संपला होता. मी जागच्या जागी थांबले. हात पदराला पुसला आणि पायऱ्या उजवीकडे वळवल्या.

आतून डॉक्टर बाहेर आला. मी उभी राहिले. तो दुसऱ्याच कोणाच्या माणसांशी बोलला. मी खाली बसले आणि पुन्हा खणू लागले.

दगड संपून माती लागली तेव्हा बॅटरी तीनवर होती. विहिरीत माती सगळ्यात वर असते. मी आणखी दोन पायऱ्या काढल्या आणि डोक्यावर आभाळ दिसले. जागा कुठली ते कळले नाही. कचेरी दिसेना, हद्दीचा दगड दिसेना. आहे त्या मातीचीच माणसाभोवती चारी बाजूंनी भिंत घातली, वर छत टाकले, आत मशाल लावली. टॅब काळा झाला. थोड्या वेळाने नर्सने मला आत बोलावले.

तिसऱ्या दिवशी भाऊजी माणसे ओळखू लागले. बोलता येत नव्हते. मी त्यांना सांगितले, "भाऊजी, शेवटचे तीन मी लिहिले नव्हते. हो म्हटले ते खोटे." त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवले. त्या दिवशी माझ्या हातचा चहा घेतला नाही. नर्सच्या हातचा घेतला.

चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी डाव्या हाताने हवेत लिहून दाखवले. मी वही काढली. पाच बोटे, मग एक, मग हात उजवीकडे. सरळ सहा, उजवी. चार बोटे आणि हात खाली. मी लिहीत गेले आणि प्रत्येक आकडा मोठ्याने वाचत गेले. तिसऱ्या टप्प्याला त्यांनी पाच बोटे दाखवली आणि हात पांघरुणावर ठेवला. पुढे त्यांच्याकडेही काही नव्हते. मग त्यांनी मला सगळे पहिल्या पानापासून वाचायला लावले. मी वाचले. ते प्रत्येक आकड्याला मान हलवत होते. चुकला असता तर कळले असते.

भाऊजी चैत्रात गेले, झोपेत. बोलणे शेवटपर्यंत परत आले नाही. पण त्या दिवसातून ते वाचले होते आणि टॅबच्या आतला त्यांचा माणूसही वाचला होता.