बारीक घड्यांचं कव्हर

परवा इथे लिहिलं होतं, की मशीनसाठी मी केलेलं पहिलं कव्हर अगदी मापात झालं. ते चुकलं. मी ते फक्त ताणून मोजलं होतं.

ही कव्हरं पेटीच्या भात्यासारखी उघडतात, मिटतात आणि लोखंडाचा कीस मशीनमध्ये जाऊ देत नाहीत. बाबा ती घरीच हाताने करतात, मीही त्यांच्याकडेच शिकले. सुबक दिसावं म्हणून मी घड्या बारीक घातल्या, म्हणजे संख्येने जास्त. आज लांज्याहून वर्कशॉपवाल्या काकांचा फोन आला. "अगो, मिटल्यावर एवढा गठ्ठा होतो, की मशीनचं टेबल कडेपर्यंत सरकतच नाही."

मी फोनवर हात ठेवून बाबांना सांगितलं. बाबा हसत म्हणाले, "मी केलं म्हणून सांगू?"

मी नको म्हटलं आणि चूक माझीच असल्याचं काकांना सांगितलं.

"मग दुसरंही तूच कर," काका म्हणाले, "आणि बसवायलाही तूच ये. तुझा बाबा आला की चहाच फार पितो."

नव्या, मोठ्या घड्या आता जांभ्याच्या चिऱ्याखाली दाबून ठेवल्या आहेत. या वेळी मिटूनही मोजलं, तीनदा.

तुमचं पहिलं काम कधी असं परत आलं होतं का? मी मंगळवारी सकाळच्या एसटीने लांज्याला जातेय.