उजवीकडून उघडणारी वही

जपान्या कोणतीही वही उलट्या बाजूनं उघडायचा. लग्नपत्रिकासुद्धा. मेहकरात स्टँडजवळ आम्ही दोघं एका खोलीत राहायचो. मी फ्लेक्सच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसायचो, तो ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर नावं रंगवायचा. जपानी चित्रकथा उजवीकडून डावीकडे वाचतात हे कळल्यापासून या पठ्ठ्यानं आपली रीत जवळजवळ सोडूनच दिली होती. नाव पडायला आणखी काय लागतं?

याच्या मुळाशी एक सिनेमा होता. जुनाट घरातल्या खुराड्याएवढ्या खोल्यांत राहून चित्रकथा काढणारी, एकमेकांची शाई वापरणारी गरीब जपानी पोरं. तडा गेलेल्या मोबाइलवर तो त्यानं मला इतक्यांदा दाखवला, की कोण कधी रडणार हे मला पाठ झालं. "हे तं आपलेच पोट्टे हायेत बे," तो म्हणायचा. "फरक इतकाच, यायले 'नाही' म्हनाले तरी कोनी भेटते."

त्याची स्वतःची चित्रकथा एकच, जानेफळला राहणाऱ्या मायची. परकरातल्या पोरीपासून आजच्या थकल्या बाईपर्यंत सगळी नुसत्या चित्रांत. माय शाळेत गेलेली नव्हती. "तिले वाचता येत नाही तं काय झालं? मीच अक्षर काढत नाही," असं त्याचं म्हणणं. साखरेच्या आजारानं मायची नजर चालली होती. ती पुरती जायच्या आत छापील पुस्तक तिच्या हातात द्यायचं, याचाच त्यानं ध्यास घेतला होता. सगळी पानं शिवून त्यानं वही केली.

शेवटी पुण्याच्या एका प्रकाशकानं पानं मागवली. वही स्कॅन करून पाठवायचं काम माझं. वर जपान्यानं चिठ्ठी टाचली होती, 'उजवीकडून पाहावे', आणि शेजारी मोठा बाण. लग्नसराई होती, दुकानात बॅनरवाल्यांची झुंबड. मी चिठ्ठी काढून बाजूला ठेवली, वही डावीकडून उघडली आणि पानांना तसेच क्रमांक देऊन धाडून दिली. ज्या गोष्टीवरून त्याची रोज टर उडवायचो, तीच नेमकी विसरलो.

उत्तर आलं. चित्रं चांगली आहेत, पण गोष्ट लागत नाही. जपान्यानं ते दोनदा वाचलं. "मलेच नीट सांगता नाही आलं," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी चिठ्ठी मला कीबोर्डखाली सापडली. तेव्हाच बोललो असतो तर वही पुन्हा पाठवता आली असती. पण "तू नसता तं इतकंही झालं नसतं," असं तो मला म्हणून बसला होता. आज सांगू, उद्या सांगू करत राहिलो. मी भित्रा माणूस आहे.

महिन्याभरात ब्रश धुऊन, गुंडाळून तो पुण्याकडच्या एका गोदामात खोकी चिकटवायला निघून गेला. जाताना वही माझ्याकडे दिली. "मायजवळ नेऊन दे. मले तिच्यापुढं नाही जाववत." आता फोनवर तो सिनेमाचं नावही काढत नाही.

मीही जानेफळला जायला दिवाळी उजाडवली. तोवर मायला दिसेनासं झालं होतं. मी वही उजवीकडून उघडली आणि तिची बोटं पहिल्या पानावर ठेवली. "ही तू, मावशी. लहानपनची. डोक्यावर घागर हाये."

तिनं बराच वेळ कागद चाचपला. "इतकं मन लावून काढलं, तं मंग पुन्याच्या लोकायनं वापस काऊन केलं बाप्पा?"

चिठ्ठी माझ्या पाकिटात होती. अजूनही आहे. "त्यायले गोष्ट समजली नाही, मावशी," मी म्हणालो.

"माह्या पोराले लहानपनापासूनच नीट सांगता येत नाही," ती म्हणाली, आणि वही मिटून तिनं उशाखाली ठेवली.